वाफांचा हिशेब

फेब्रुवारी २००७. उकाडा सुरू व्हायला अजून अवकाश होता. आमच्या शाखेत ऑडिट चालू होते. ऑडिटला आलेला अधिकारी माझ्या मुलाहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. समोर कर्जाच्या फायली पसरून तो एकेक प्रश्न विचारत होता आणि मी उत्तरे देत होते. एका पोल्ट्रीच्या कर्जाच्या तारणाविषयी तो काही विचारत असताना एकाएकी माझ्या छातीपासून काहीतरी गरम वर चढत गेले. मान, कानांच्या पाळ्या, गाल, कपाळ. दोन मिनिटांत चेहरा लालबुंद, मानेवरून घामाचे ओघळ, ब्लाउजची पाठ भिजलेली. छाती धडधडत होती. त्याने प्रश्न अर्धवट सोडून माझ्याकडे पाहिले, मग फायलीकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "मॅडम, या खात्यात काही आहे का?"

खात्यात काहीही नव्हते. हप्ते वेळेवर येत होते, तारण चोख होते. तरी त्या फायलीचा त्याने पुढे तासभर कीस काढला. खरे कारण मी त्याला सांगितले नाही. "मला वाफा येतात" हे वाक्य परक्या पुरुषापुढे उच्चारायची आम्हां बायकांना सवय नव्हती. कपाळ पुसत मी शिपायाला म्हणाले, "पंखा जरा वाढव रे." त्याने भर फेब्रुवारीत पंखा पाचवर केला आणि टेबलावरचे सगळे कागद उडाले.

त्या रात्री मला आईची आठवण झाली. मी कॉलेजात असताना ती ऐन थंडीत मधल्या खोलीत उघड्या फरशीवर निजायची. मध्येच उठून बसायची, पदराने वारा घ्यायची, मग थोड्या वेळाने कुडकुडत गोधडी ओढायची. "तिला उष्णता झालीय," एवढेच घरात म्हटले जाई. उपाय म्हणून सब्जाचे पाणी, धण्याजिऱ्याचे पाणी, गुलकंद. आणि वर आजीचा शेरा, "वयच झालं आता. व्हायचंच." चाळिशी लागली की आपण नाकावर चष्मा चढवतो आणि त्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतो. ती चाळिशी चारचौघांत मिरवता येते. बाईची ही दुसरी चाळिशी मात्र पदराआडच राहिली.

पाळी जाते हे काही नवे ज्ञान नाही. सुश्रुतसंहितेत रजाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितलेला आहे. युरोपात या अवस्थेला 'मेनोपॉज' हे नाव १८२१ साली गार्दान या फ्रेंच डॉक्टरने रूढ केले. पण नाव मिळाले म्हणजे कारण कळले असे होत नाही. अंगातून वाफा का येतात, या साध्या प्रश्नाचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर मिळायला त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. ती कशी गेली, हे समजून घेण्याजोगे आहे.

स्त्रीच्या बीजकोशात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा एक प्रकार १९२९ साली शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. १९४२ मध्ये 'प्रेमारिन' हे औषध अमेरिकेच्या बाजारात आले. ते गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेले होते. 'प्रेग्नंट', 'मेअर' आणि 'युरिन' या तीन शब्दांचे तुकडे जोडून त्याचे नाव बनवले होते. औषध गुणकारी होते. वाफा थांबत. पुढे १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरचे 'फेमिनाइन फॉरेव्हर' हे पुस्तक आले आणि त्याचा प्रचंड खप झाला. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते तसे या वयात इस्ट्रोजेन कमी पडते, तेव्हा हा रोगच समजावा आणि बाईने जन्मभर गोळ्या घ्याव्यात, असे त्याचे म्हणणे. विल्सन यांच्या कामामागे औषध कंपन्यांचा पैसा होता, हे पुढे उघडकीला आले.

१९७५ च्या अखेरीस पहिला तडाखा बसला. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मग इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टिन द्यायची पद्धत पडली. त्यामुळे अस्तराला संरक्षण मिळाले आणि गोळ्या पुन्हा चालू झाल्या. नव्वदच्या दशकापर्यंत तर त्या वाफांपुरत्या राहिल्याच नाहीत. हृदयविकार टळावा म्हणून साठी-सत्तरीच्या बायकांनाही त्या दिल्या जाऊ लागल्या.

हे कितपत खरे, ते तपासण्यासाठी अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा भव्य अभ्यास सुरू झाला. दोन्ही संप्रेरकांच्या चाचणीत १६,६०८ स्त्रिया होत्या. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी गोळी. कोणाला कोणती, हे बायकांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. जुलै २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, अशी बातमी जगभर पसरली. अमेरिकेत या गोळ्यांचा खप झपाट्याने कोसळला. डॉक्टरही धास्तावले आणि बायकाही.

आता या २६ टक्क्यांकडे जरा बँकेतल्या माणसाच्या नजरेने पाहू. गोळ्या घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३८ जणींना स्तनाचा कर्करोग झाला. न घेणाऱ्या दहा हजारांमागे ३० जणींना. फरक ८ जणींचा. तिसाचे अडतीस झाले म्हणजे वाढ सव्वीस-सत्तावीस टक्के, हे गणित बरोबर आहे. पण मूळ आकडा दहा हजारांचा आहे, हे सांगायचे राहून गेले की गिऱ्हाईक घाबरते आणि ठेव मोडायला रांग लावते. त्याच अभ्यासात दहा हजारांमागे पक्षाघात ८ नी वाढले, हृदयविकार ७ नी वाढला, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकार ८ नी वाढले. उलट बाजूला मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ नी आणि खुब्याच्या हाडाचे मोडणे ५ नी कमी झाले. जमाखर्च मांडला की तोटा दिसतो, हे खरेच. आणि लाखो बायका औषध घेत असतील तर दहा हजारांमागे आठ हा आकडाही थोडा नव्हे. तेव्हा चाचणी चुकीची होती, असे कोणी म्हणू नये.

चूक झाली ती पुढे. या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. प्रश्न होता तो हृदयविकार टळतो का, हा, वाफांचा नव्हेच. ज्यांना वाफांचा जबर त्रास होता त्यांना तर या चाचणीत सहसा घेतलेच नव्हते, कारण खोटी गोळी वाट्याला आली तर त्या मध्येच सोडून जातील. म्हणजे हिशेब साठी ओलांडलेल्या बायकांचा, आणि तो लागू केला अठ्ठेचाळिशीच्या, घामाने निथळणाऱ्या बायकांना. बँकेत असे एका खात्याचे व्याज दुसऱ्या खात्याला लावले असते तर त्याच ऑडिटरने माझी खरडपट्टी काढली असती.

२००७ साली मी डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या गोळ्या आता कोणी देत नाही. कॅन्सर होतो. दोनेक वर्षं सोसा, जाईल आपोआप." बाई सज्जन होत्या आणि त्या वेळी शहाणी माणसे जे बोलत होती तेच बोलत होत्या. माझी दोनेक वर्षे नऊ वर्षे चालली.

नंतरच्या विश्लेषणांतून चित्र बदलले. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नाहीत अशा, एरवी निरोगी असलेल्या स्त्रियांना वाफांचा फार त्रास असेल तर या उपचाराचा फायदा तोट्याहून अधिक, असे उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे चौकटीतले बरेचसे इशारे काढण्याचे जाहीर केले. गर्भाशय असलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा मात्र ठेवला. ज्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा विकार होऊन गेला आहे त्यांच्यासाठी हा रस्ता आजही सहसा बंदच असतो. तेव्हा मैत्रिणीची गोळी आपण घेऊन पाहावी, असला उद्योग करू नये.

आता मूळ प्रश्न. वाफा येतात तरी का? इस्ट्रोजेन कमी होते म्हणून, एवढेच उत्तर पुरत नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या अंगातही इस्ट्रोजेन अगदी कमी असते. तिला कुठे वाफा येतात? डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी याचा पिच्छा पुरवला. स्त्रियांना त्यांनी तापमान मोजणारी इवलीशी गोळी गिळायला दिली. ती पोटातून बाहेर संदेश पाठवी. घामाची नोंद घेण्यासाठी छातीच्या मधल्या हाडावर विजेचे अग्र चिकटवले. शरीराचे आतले तापमान मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग सांभाळतो. तापमान एका मर्यादेच्या वर गेले की घाम, दुसऱ्या मर्यादेच्या खाली आले की हुडहुडी. या दोन मर्यादांच्या मध्ये थोडी मोकळी जागा असते. वाफा न येणाऱ्या स्त्रियांत ती फ्रीडमन यांना सुमारे ०.४ अंश सेल्सियस आढळली. वाफा येणाऱ्या स्त्रियांत ती जवळजवळ शून्य होती. म्हणजे चहाचा कप, एक जिना, तव्याची धग, थोडासा राग, एवढे निमित्त पुरते. मेंदूला वाटते की अंग तापले. तो घामाचा नळ पुरा सोडतो. मग अंग खरोखरच गार पडते आणि थंडी वाजते. आईची गोधडी मला इतक्या वर्षांनी कळली.

पण ही जागा आक्रसते का? याचा धागा आधीच सापडलेला होता, फक्त कोणी ओढला नव्हता. नेओमी रान्स या संशोधक बाई मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास करत होत्या. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमध्ये काही चेतापेशी चांगल्याच फुगलेल्या आहेत आणि त्या 'न्यूरोकायनिन बी' नावाचे रसायन जोमाने बनवत आहेत, असे त्यांनी १९९० आणि १९९१ मध्ये दाखवून दिले. एरवी इस्ट्रोजेन या पेशींना धाकात ठेवते. ते गेले की मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर पोरे जो गोंधळ घालतात तो सुरू होतो, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या तापमानाच्या कारकुनाला काम करणे अशक्य होते.

या कामाकडे पुढची बरीच वर्षे फारसे कोणी वळून पाहिले नाही. २००९ साली ज्या मुलामुलींना वयातच येता येत नाही अशा काही तुर्की कुटुंबांचा अभ्यास झाला. त्यांच्यात नेमका या रसायनाच्या किंवा त्याला जागा देणाऱ्या ग्राहकाच्या जनुकात दोष सापडला. पाळी येण्याची आणि पाळी जाण्याची किल्ली एकाच जुडग्यात होती म्हणायची! याच पेशींत 'किसपेप्टिन' म्हणून आणखी एक रसायन असते. त्याचे जनुक १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावी सापडले आणि त्या गावच्या प्रसिद्ध 'किसेस' चॉकलेटांवरून त्याला नाव मिळाले. शास्त्रज्ञही कधी कधी गोड बोलतात.

२०१५ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये निरोगी स्त्रियांना न्यूरोकायनिन बी शिरेतून दिले आणि त्यांना वाफा आल्या. मग रसायनाची वाट अडवायची, एवढेच उरले. २०१७ मध्ये त्याच संस्थेत ३७ स्त्रियांवर तसे औषध वापरले. खोट्या गोळीवर असताना त्यांना आठवड्याला सरासरी ४९ वाफा येत होत्या, औषधावर १९. ते औषध यकृताला सोसेना म्हणून सोडावे लागले. मात्र त्याच जातीचे फेझोलिनेटंट अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यावरही यकृताबद्दलचा चौकटीतला इशारा आला आणि रक्ततपासणी आवश्यक ठरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलिन्झानेटंट या दुसऱ्या औषधाला तिथे परवानगी मिळाली. ही संप्रेरके नव्हेत, त्यामुळे संप्रेरके घेता न येणाऱ्या स्त्रियांना त्यांचा आधार वाटतो. पण कोणतेच औषध फुकट काही देत नाही.

इथे खोट्या गोळीबद्दलही सांगायला हवे. २००४ साली अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा खोट्या गोळीनेसुद्धा वाफा निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे दिसले. खऱ्या संप्रेरकांनी त्याहूनही आणखी ७५ टक्के घट केली. म्हणूनच "मला अमुक चूर्णाने गुण आला" हे प्रांजळ असले तरी पुरावा होत नाही. 'ब्लॅक कोहॉश' या जगभर खपणाऱ्या वनस्पतीची २००६ मध्ये सिअॅटलला ३५१ स्त्रियांवर वर्षभर परीक्षा झाली. ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. यावरून कोणी "सगळे मनाचे खेळ" असा निष्कर्ष काढू नये. घामाची नोंद यंत्रावर होते, मनावर नव्हे. वाफा मुळातच कमीजास्त होत असतात, आणि कोणी आठवड्यातून एकदा आस्थेने विचारपूस केली की सोसणे हलके होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मायरा हंटर यांनी विचार आणि श्वास यांचे शिक्षण देऊन पाहिले. वाफांची संख्या घटली नाही, पण त्यांचा जाच घटला. हेही काही कमी नाही.

आपल्याकडच्या बायकांना हा त्रास होतच नाही, असेही एक मत आहे. १९७५ साली मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ राजपूत स्त्रियांशी बोलून लिहिले, की पाळीतल्या बदलाखेरीज त्यांच्या तक्रारी अगदी थोड्या होत्या. पाळी गेल्यावर त्यांना पडद्याबाहेर येता येई, पुरुषांत बसता येई. त्यांना ती बक्षिसीच होती. मार्गारेट लॉक यांनी १९९३ च्या ग्रंथात जपानी बायकांविषयी लिहिले. तिथे वाफांना नेमका शब्दच नव्हता, खांदे आखडण्याची तक्रार मोठी होती. मला या अभ्यासांचे मोल वाटते. आहार, काम, मान यांनी फरक पडत असणारच. पण माझ्या आईकडे कोणी वही घेऊन आले असते, तर तिनेही "छे, मला काही नाही हो" असेच सांगितले असते, आणि रात्री फरशीवर निजायला गेली असती. अमेरिकेत 'स्वान' या अभ्यासात पाच वंशगटांतल्या स्त्रियांना वर्षानुवर्षे विचारत राहिले, तेव्हा २०१५ मध्ये कळले की वारंवार येणाऱ्या वाफांचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांत १०.१, जपानी वंशाच्या स्त्रियांत ४.८. त्या पाच गटांत भारतीय स्त्रिया नव्हत्या.

भारतीय स्त्रीची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, पाश्चात्त्य स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधी. आणि काहीजणींची त्याहून फार लवकर घालवली जाते. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायका होत्या, आणि पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या. पाळीत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर तर होतेच. चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी हळूहळू न जाता एका दिवसात जाते. वाफा अधिक तीव्र होतात, हाडे लवकर झिजतात. बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षे आधीच थकण्याचा संभव असतो. मला वाफा आल्या तेव्हा डोक्यावर पंखा होता. तिशी-पस्तिशीची एखादी बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तिला तो झटका येत असेल, तर तिने कोणाला "पंखा वाढव" म्हणावे? लंडन-अमेरिकेतल्या नव्या गोळ्या तिच्यापर्यंत कधी पोचतील, हा पुढचा प्रश्न. तिचे गर्भाशय काढण्याआधी तिला हे सगळे कोणी समजावून सांगितले होते का, हा पहिला.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत गेले होते. काउंटरवरची अधिकारी पंचेचाळिशी उलटलेली असावी. माझी कागदपत्रे पाहता पाहता तिचा चेहरा माझ्या ओळखीचा लाल झाला. रुमालाने मान टिपत ती शेजारच्या तरुण सहकाऱ्याला सरळ म्हणाली, "अरे, एसी जरा वाढव. मला वाफ आलीय." त्याने मान वर न करता रिमोट दाबला आणि आपल्या कामाला लागला.

तिने माझ्या दाखल्यावर शिक्का मारला. कोणत्याही फायलीवर कोणाला संशय आला नाही.